एमबीएची मुलाखत: तयारीची सुरुवात स्वतःच्या अर्जापासून

एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेचा निकाल लागतो, पर्सेंटाइल मनासारखा येतो आणि जानेवारीत एखाद्या आयआयएमचं मुलाखतीचं बोलावणंही येतं. घरात पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवसापासून मुलगा सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक घेऊन बसतो: राजधान्या, चलनं, कोणत्या खात्याचा कोण मंत्री. त्यात तीन आठवडे जातात. मग तो सराव मुलाखतीला माझ्यासमोर येतो आणि मी विचारतो, "अर्जावर छंद म्हणून ट्रेकिंग लिहिलंय. शेवटचा गड कोणता केलात?" पुढे शांतता.

गेली काही वर्षं मी अशा सराव मुलाखती घेतो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. पॅनेलच्या हातात तुमचा अर्ज असतो आणि बहुतेक प्रश्न त्या अर्जातूनच निघतात. गाव, वडिलांचा व्यवसाय, पदवीचे विषय, नोकरी, छंद हे सगळं तुम्हीच लिहून दिलेलं असतं. म्हणजे अभ्यासक्रम तुमचा तुम्हीच ठरवलेला आहे. तयारी त्यातूनच सुरू करायची. कशी, ते क्रमाने सांगतो.

आधी दार कोणतं ते पाहा

सगळीकडे मुलाखत असते असं नाही. राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) सेलमार्फत होणाऱ्या एमबीए आणि तिच्याच तोडीच्या एमएमएसच्या कॅप (एकत्रित प्रवेश) फेऱ्यांत प्रवेश गुणवत्ता यादीवर होतात. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेच्या एमएमएसला कॅपमधून जाताना मुलाखत द्यावी लागत नाही. त्यामुळे आपल्याकडची पुष्कळ हुशार मुलं फक्त सीईटी देतात आणि कॅटच्या वाटेला जातच नाहीत. कारण विचारलं तर "इंटरव्ह्यूला इंग्रजी बोलावं लागतं" असं हळूच सांगतात. हे मला फार लागतं. या भीतीपायी दार बंद करू नका. इंग्रजीचं काय करायचं ते पुढे सांगणारच आहे.

आयआयएममध्ये लेखी चाचणी आणि मुलाखत अशी पद्धत आहे. अहमदाबादसारख्या संस्थेने अलीकडच्या वर्षांत अंतिम गुणांत जवळपास निम्मा वाटा मुलाखतीला दिला आहे, म्हणजे कॅटपेक्षा किती तरी जास्त. नव्या आयआयएमपैकी बऱ्याच जणी मिळून एकत्रित मुलाखत घेतात आणि त्या एकाच मुलाखतीचे गुण अनेक संस्थांना जातात. तो एक दिवस बिघडला तर अनेक ठिकाणी बिघडतो, म्हणून त्याची तयारी दुप्पट करा. पवईची आयआयएम मुंबई म्हणजे १९६३ साली सुरू झालेली पूर्वीची निटी. तिला २०२३ मध्ये आयआयएमचा दर्जा मिळाला. नागपूरची आयआयएम २०१५ ची. सिम्बायोसिस, एसपी जैन, एक्सएलआरआय यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. ज्या संस्थेचं बोलावणं आलंय, तिच्या संकेतस्थळावरचं त्या वर्षीचं प्रवेश धोरण स्वतः वाचा. मित्राने सांगितलेलं बहुतेक वेळा मागच्या वर्षीचं असतं.

अर्जाची छापील प्रत आणि लाल पेन

मोबाइलवर वाचू नका. अर्जाची प्रत काढा आणि त्यातल्या प्रत्येक नामाखाली रेघ मारा. कोल्हापूर, मेकॅनिकल, ७८ टक्के, वक्तृत्व स्पर्धा, एनएसएस, वाचन. मग प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारा: म्हणजे नेमकं काय? का? किती? "एनएसएस" लिहिलंय ना? शिबिर कोणत्या गावात झालं, किती दिवस, तुम्ही नेमकं काय केलंत, बांधलेला बंधारा पुढच्या पावसात टिकला का? "वाचन" लिहिलंय? गेल्या तीन महिन्यांत काय वाचलं आणि त्यातलं काय पटलं नाही? हे कागदावर लिहायला बसलात की दोन रविवार सहज जातात. ते घालवा. बाकी काही नाही जमलं तरी एवढं कराच.

या कामाचा फायदा मी समोर बसून पाहिलेला आहे. सांगली भागातला एक मुलगा सराव मुलाखतीला आला होता. नवा कोरा कोट, टाय थोडा वाकडा. मी विचारलं, "वडील काय करतात?"

"सर, बिझनेस."

"कसला?"

"ट्रेडिंग, सर."

"कशाचं?"

तो जरा थांबला. मग जवळजवळ माफी मागावी तशा आवाजात म्हणाला, "हळदीचं."

मी फाइल मिटली आणि म्हटलं, मला हळदीतलं काही कळत नाही, मला शिकव. पुढची वीस मिनिटं तो पोरगा बोलत होता. हळकुंडं आणि गड्डा वेगळे का विकतात, शिजवून वाळवून पॉलिश केल्यावर वजनात किती घट धरायची, अडत्याने शेतकऱ्याला आगाऊ उचल दिली की सौद्यात काय बदलतं. हरिपूरला जमिनीखाली पेवं असायची, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीचशी पेवं पाण्याखाली गेली आणि साठवणूक गोदामांकडे वळली, हे त्याने आजोबांकडून ऐकलेलं होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यामुळे वडिलांच्या दुकानात भाव वाढला का, यावर त्याचं स्वतःचं मत होतं. बोलता बोलता खुर्चीत तो पुढे सरकला होता आणि हात मोकळे झाले होते.

हा मुलगा पुरवठा साखळी, साठवणूक खर्च, पत आणि भावातली जोखीम बोलत होता. एमबीएला दोन वर्षं तेच शिकवतात. आणि हेच तो "बिझनेस, सर" या दोन शब्दांत गुंडाळून ठेवणार होता!

तुमच्याकडेही असं काहीतरी असतंच. इचलकरंजीचे असाल तर यंत्रमाग, सोलापूरचे असाल तर चादर, नाशिकचे असाल तर कांदा आणि द्राक्षं, रत्नागिरीचे असाल तर आंबा. गावच्या मुख्य धंद्याचं अर्थकारण घरातल्या कोणाकडून तरी तासभर बसून समजून घ्या. पैसा कुठून येतो, कुठे अडतो, गेल्या दहा वर्षांत काय बदललं? आई अंगणवाडी सेविका असेल, वडील एसटीत वाहक असतील, तरी त्यांचं काम नीट सांगता आलं पाहिजे. ते सांगताना आवाज खाली जाता कामा नये.

"स्वतःबद्दल सांगा"

हा प्रश्न बहुतेक वेळा येतोच, आणि पुढची मुलाखत कोणत्या दिशेला जाईल ते त्यावर ठरतं. नेहमीचं उत्तर असं असतं: माझं नाव अमुक, मी अमुक गावचा, घरात चौघं आहोत, दहावीला इतके टक्के, बारावीला इतके, मी कष्टाळू आहे आणि लवकर शिकतो. यातलं बहुतेक सगळं समोरच्या कागदावर आधीच आहे. उरलेलं कोणीही म्हणू शकतं.

त्याऐवजी दीड मिनिटात तीन गोष्टी सांगा: तुम्ही कुठून आलात, आता काय करता आणि पुढे काय करायचंय. प्रत्येकीत एक ठोस तपशील हवा. उदाहरणार्थ: "मी सांगलीचा. आमचं तीन पिढ्यांचं हळदीचं अडत दुकान आहे आणि कॉलेजात असताना सुट्टीत मी हिशेब पाहायचो. मेकॅनिकल झाल्यावर दोन वर्षं चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागात आहे, चाळीस पुरवठादार सांभाळतो. दुकानात आणि कारखान्यात अडचण एकच दिसली, माल वेळेवर आणि योग्य भावात मिळणं. तेच नीट शिकायला आलोय." यात प्रश्न विचारायला चार जागा आहेत आणि चारही तुमच्या ओळखीच्या आहेत. उत्तर लिहा, पण पाठ करू नका. मुद्दे लक्षात ठेवा, शब्द त्या वेळी येतील. पाठ केलेलं उत्तर पहिल्या वाक्यात ओळखू येतं, कारण डोळे छताकडे जातात.

पदवीचे विषय: इथे सगळ्यात जास्त मुलं पडतात

"मी आता मॅनेजमेंटला चाललोय, थर्मोडायनॅमिक्स कशाला विचारतील?" विचारतात, हमखास. चार वर्षं शिकलेलं तुम्ही गांभीर्याने घेतलं का, हे त्यांना पाहायचं असतं. सगळी पुस्तकं पुन्हा वाचणं शक्य नाही, म्हणून दोन आवडते विषय निवडा आणि त्यांची मुळं पक्की करा. मेकॅनिकलवाल्याला डिझेल आणि पेट्रोल इंजिनातला फरक आजीला समजेल असा सांगता आला पाहिजे. वाणिज्यवाल्याला घसारा म्हणजे काय आणि नफा असूनही धंद्यात रोकड का संपते, हे यायलाच हवं. कला शाखेच्या मुलांनी बिचकू नये. इतिहास किंवा अर्थशास्त्रातला एखादा प्रश्न खोलात माहीत असेल तर पॅनेल आवडीने ऐकतं. आवडता विषय विचारला की कठीण वाटणारं नाव सांगायचा मोह होतो. तो टाळा.

नोकरी करत असाल तर एका प्रश्नाची तयारी ठेवा: तुमची कंपनी पैसे कशातून कमावते? आयटीतली बरीच मुलं स्वतःचं मोड्यूल तासभर समजावतील, पण ग्राहक कोण आणि तो पैसे कशासाठी देतो, हे सांगताना अडखळतात.

कमी गुण, एटीकेटी, वाया गेलेलं वर्ष

लपवू नका. कागदावर ते आहेच. काय झालं, का झालं आणि त्यानंतर काय बदललं, हे तीन वाक्यांत सांगा आणि थांबा. "दुसऱ्या वर्षी गणितात एटीकेटी लागली. मी अभ्यास शेवटच्या पंधरवड्यावर ठेवला होता. पुढच्या सत्रापासून रोज सोडवायला लागलो आणि शेवटच्या वर्षी ८.२ आला." बस. मुलं तिसऱ्या वाक्यावर थांबत नाहीत. विद्यापीठाची पेपर तपासणी, आजारपण, खोलीतला मित्र असं सगळं बाहेर काढतात आणि पाच मिनिटं आपल्याच कमकुवत बाजूवर घालवतात.

"एमबीए का?" याचंही असंच. "नेतृत्वगुण वाढवायचे आहेत" या उत्तराने काहीच कळत नाही. आज हातातलं कोणतं काम ज्ञान कमी पडल्यामुळे अडतंय, ते सांगा. पगार वाढावा ही इच्छा असण्यात गैर काही नाही. पण तेवढंच कारण असेल तर हा प्रश्न आधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

इंग्रजी

मराठी माध्यमातल्या मुलांना हेच सगळ्यात मोठं वाटतं. अडचण शब्दांची कमी असते, मनातल्या मनात भाषांतर करण्याची जास्त. मराठीत लांबलचक वाक्य तयार होतं, ते इंग्रजीत न्यायला जाता आणि मध्येच क्रियापद हरवतं. उपाय म्हणजे वाक्यं लहान ठेवा. एक कर्ता, एक क्रियापद, पूर्णविराम.

सरावाची एक पद्धत मला फार उपयोगी दिसली आहे. सकाळी मराठी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचा, पेपर मिटवा आणि तीच बातमी मोबाइलवर दोन मिनिटं इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा. मग ऐका. पहिल्या आठवड्यात स्वतःचा आवाज ऐकवत नाही. तिसऱ्या आठवड्यात "ॲक्च्युअली" आणि "बेसिकली" किती वेळा येतं ते कळतं आणि आपोआप कमी होतं. चाळीस दिवस करा. उच्चार मराठी वळणाचे राहिले तरी काही बिघडत नाही. उसने उच्चार आणले की मात्र सगळं लक्ष तिकडे जातं आणि विचार मागे पडतो. प्रश्न नीट कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

चालू घडामोडी: थोड्या, पण खोल

केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, म्हणजे ऐन मुलाखतींच्या दिवसांत. तो वाचावाच लागेल. पण शंभर विषय वरवर करण्यापेक्षा पाच विषय दोन्ही बाजूंनी मांडता आले तर जास्त उपयोग होतो. एखादा विषय आपल्या मातीतला घ्या.

उसाचंच उदाहरण घेऊ. एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला उसासाठी द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) तो क्विंटलला ३५५ रुपये ठरला. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये ३१ रुपये किलो झाला, तेव्हा एफआरपी २७५ रुपये होता. शेतकरी म्हणतो, खत, मजुरी आणि तोडणी महागली, मला हक्काचे पैसे एकरकमी द्या. कारखाना म्हणतो, साखर विकली गेल्याशिवाय रोकड येत नाही, तोवर बँकेचं व्याज चढतं. दोघांचं म्हणणं त्यांच्या जागी समजून सांगा आणि मग स्वतःचं मत द्या. सहवीजनिर्मिती आणि इथेनॉलने या ओढाताणीत काय फरक पडला, तेही जोडा. एवढं बोलता आलं की त्या उमेदवाराचा विचार दिसतो. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्ट ४ टक्के आणि दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा, जीएसटी १ जुलै २०१७ पासून, अशा मूलभूत गोष्टी ओघात माहीत असाव्यात.

लेखी चाचणीचा सराव याच विषयांवर करा. वेळ लावून वीस मिनिटं, एक पान. पहिल्या परिच्छेदात भूमिका मांडा, मग कारणं, मग विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा आणि त्याला उत्तर. सुभाषितांनी सुरुवात करू नका.

"माहीत नाही" म्हणायला शिका

माहीत नसेल तर सरळ सांगा. थोडंफार माहीत असेल तर परवानगी घेऊन अंदाज बांधा: "आय ॲम नॉट शुअर, सर. मे आय मेक अ गेस?" आणि तो अंदाज कसा बांधला ते मोठ्याने सांगा. पुण्यात दुचाकी किती असतील, असं विचारलं तर आकड्यापेक्षा तुम्ही लोकसंख्या, घरं, घरटी गाड्या अशा पायऱ्यांनी कसे जाता ते पाहतात. थापा मात्र मारू नका. समोरच्या प्राध्यापकाने त्या विषयात आयुष्य घातलेलं असतं.

कधी कधी पॅनेल मुद्दाम खोडून काढतं. "हे तर चुकीचं आहे" म्हणतात आणि चेहरा पाहत बसतात. एक श्वास घ्या आणि त्यांचा मुद्दा खरंच ऐका. पटला तर मत बदला आणि का बदललं ते सांगा. नाही पटला तर आपलं कारण शांतपणे पुन्हा मांडा. हट्ट आणि शरणागती दोन्ही उघडे पडतात.

सराव मुलाखती

पाच-सहा पुरेत. पंधरा दिल्या तर बोलणं घोटीव होतं आणि प्रत्येक जण वेगळा सल्ला देऊन गोंधळ वाढवतो. त्यातली एक तरी मुलाखत तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाने घ्यावी: ओळखीतल्या कोणाचे तरी निवृत्त बँक मॅनेजर काका, कॉलेजातल्या दुसऱ्या विभागाच्या मॅडम. क्लासवाल्यांपेक्षा अशी माणसं किती तरी वेळा चांगले प्रश्न विचारतात, कारण त्यांना खरंच कुतूहल असतं. मुलाखतीचं चित्रीकरण करा आणि एकदा आवाज बंद करून पाहा. पाय हलणं, पेनाशी खेळणं, उत्तर देताना एकाच परीक्षकाकडे पाहणं, हे सगळं तेव्हा दिसतं. विशेषतः बाई पॅनेलवर असताना उत्तर सरांकडे पाहून देणारी मुलं मी पाहिली आहेत. हे आधी सुधारा.

कागदपत्रं आणि तो दिवस

आरक्षणातून अर्ज केला असेल तर एक गोष्ट आजच तपासा. आयआयएम केंद्रीय संस्था आहेत. तिथे ओबीसीसाठी जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याच्या नमुन्यातलं घेऊन गेलेल्या मुलांची ऐन वेळी धावपळ होते. ईडब्ल्यूएसचंही तसंच. राज्यातलं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. प्रमाणपत्र कोणत्या तारखेनंतरचं हवं, ते संस्थेच्या सूचनेत दिलेलं असतं. तहसील कचेरीत लागणारे दिवस धरून महिनाभर आधी अर्ज करा. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, अनुभवाचं पत्र आणि ओळखपत्र मुळातून घ्या, वर दोन-दोन झेरॉक्स.

मुलाखत मुंबईत असेल आणि तुम्ही लातूर किंवा जळगावहून येत असाल तर आदल्या दिवशी पोचा. रात्रभर एसटीत बसून सकाळी मुलाखत देऊ नका. कपडे साधे, इस्त्रीचे, एकदा तरी घालून पाहिलेले असावेत. साडी किंवा सलवार-कुर्ता अगदी चालतो. ऑनलाइन मुलाखत असेल तर उजेड समोरून येऊ द्या, लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉटसाठी चार्ज करून ठेवा. आमच्याकडच्या एका मुलीची मुलाखत चालू असतानाच गावातली वीज गेली. तिने पंधरा सेकंदांत फोनवरून पुन्हा जोडणी केली, "सॉरी सर, वीज गेली होती" म्हणाली आणि अर्धं राहिलेलं वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे नेलं.

बाहेर पडल्यावर

घरी फोन करायच्या आधी दहा मिनिटं काढा आणि विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा. शक्यतो त्यांच्याच शब्दांत, क्रमाने. संध्याकाळपर्यंत त्यातले निम्मे डोक्यातून जातात. पुढच्या संस्थेच्या मुलाखतीत यातले बरेच प्रश्न थोड्याफार फरकाने परत येतात. तो सांगलीचा मुलगा पहिली मुलाखत देऊन निघाला आणि दादरला गाडीची वाट पाहत बाकावर बसून त्याने अठरा प्रश्न लिहून काढले. रात्री मला त्या पानाचा फोटो पाठवला. अठरापैकी सात प्रश्न हळदीवर होते.